लूपरमधले आठ सेकंद

बसवराजनं पायाच्या अंगठ्यानं खटका दाबला आणि खोलीत जे वाजायला लागलं ते त्याचं नव्हतं. त्याची बास गिटार अजून पिशवीतच होती. दुपारी आणलेल्या लूपरला त्यानं फक्त वीज दिली होती, एक केबल आवाज मोठा करणाऱ्या अॅम्पमध्ये खुपसली होती, आणि दिवा लागतो का एवढंच त्याला बघायचं होतं. दिवा हिरवा झाला आणि अॅम्पमधून युवराजदादाचा हात बाहेर आला. पाठमोरा माणूस चालीवरून ओळखू यावा तसा तो हात सोलापुरातल्या कुणाही बास वाजवणाऱ्याला ओळखू आला असता. चार सूर, मग तारेवरून घसरत खाली येणं, मग एक रिकामी मात्रा, आणि त्या मात्रेनंतर पाचवा सूर असा ठेवलेला की ऐकणाऱ्याचा अडलेला श्वास तिथंच सुटावा. आठ सेकंद. मग पुन्हा तेच. बसवराज स्वतःशीच हसला. लूपर म्हणजे पायानं चालवायची लोखंडी डबी, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. तुम्ही वाजवलेलं ती लक्षात ठेवते आणि थांब म्हणेपर्यंत वाजवत राहते; तेवढा वेळ तुमचे हात मोकळे. वीज काढली तरी शेवटचं वाजवलेलं तिच्या पोटात राहतं. विकताना लोक ते पुसून देतात, पण युवराजदादाच्या बायकोला ते कुठून माहीत असणार. गुरूचा रियाज फुकटात घरी आला, असं म्हणत तो पलंगाच्या कडेला बसला आणि त्यानं डोळे मिटले.

चौथ्या की पाचव्या फेरीला त्याला सुरांच्या मागचं ऐकू आलं. आधी एक धप्प. तो सूर नव्हता. कुणी बोट न लावता चारही तारा एकदम घुमल्या होत्या, जड काहीतरी जवळ पडलं की घुमतात तशा. त्याच्यामागं लगेच दुसरी धप्प, मग एक फरफट, आणि मग अगदी बारीक, पत्र्याच्या डब्यातून यावा तसा एक आवाज. त्यानं अॅम्पचा वरचा सूर वाढवला, गुडघ्यावर बसून जाळीला कान लावला. बाईचा आवाज होता. शब्द नव्हता. ‘आ’ होता, मध्येच तोडलेला. आठ सेकंदांनी तो पुन्हा त्याच जागी उमटला आणि त्याच जागी तुटला. बसवराजला यंत्र कळत होतं, म्हणून त्याला सगळंच कळलं. जुन्या बासच्या तारांखाली आवाज उचलणारी जी पट्टी असते तिच्यातलं मेण सुटलं की ती माईकसारखी खोलीतलं काहीही उचलते. युवराजदादाची बास जुनी होती. आणि ही डबी अशी की वाजवून झाल्यावर खटका एकदाच दाबला तर ती नुसती वाजत नाही, पुढं येणारा प्रत्येक आवाज त्याच आठ सेकंदांवर थरासारखा चढवत राहते. नुसतं वाजवत ठेवायचं असेल तर दोनदा दाबावं लागतं. त्या दिवशी दादानं घाईत एकदाच दाबलं होतं. बास स्टँडवर ठेवली होती, केबल तशीच, आणि मोकळ्या हातांनी तो पलीकडं गेला होता. मग किती वेळ, दहा मिनिटं, वीस मिनिटं, ते सगळं या आठ सेकंदांत येऊन साचलं होतं. एकावर एक. म्हणून त्या धपाधप्पीला शेवट नव्हता, म्हणून एका ‘आ’च्या पोटात दुसरा ‘आ’ होता. आणि वर, अगदी स्वच्छ, काळजाला हात घालणारी ती पाच सुरांची चाल.

दुपारी तो किती आनंदात तिथं गेला होता. सोलापुरात बासचं सामान विकायला निघत नाही. चिंचोळी एमआयडीसीत लेथवर उभं राहून जे मिळतं त्यातून वर्षाला एखादं पेडल तो पुण्याहून कुरिअरनं मागवायचा. आज सकाळी मोबाईलवर जाहिरात दिसली : बासचं सगळं सामान, ताबडतोब, जुळे सोलापूर. फोटोत फरशी दिसत होती आणि ती फरशी त्यानं ओळखली. दार वैजयंतीवहिनीनं उघडलं. घरात ती एकटी होती. युवराजदादा दोन दिवस लातूरला लग्नाच्या ऑर्केस्ट्राबरोबर गेला होता, एकच बास आणि एक केबल घेऊन. बाकीचं सगळं तिनं चादरीवर मांडून ठेवलं होतं, भांडी विकायला मांडावीत तसं. बसवराजला एक खालचं सप्तक देणारं ऑक्टेव्ह पेडल हवं होतं आणि एक सूर फाडणारं फझ. सामान ऐकल्याशिवाय घ्यायचं नाही ही रीत, म्हणून त्यानं कोपऱ्यातला अॅम्प लावला आणि फझवर जाडी तार छेडली. वहिनी भिंतीला टेकली. दोन्ही हात कानांवर नव्हे, पोटावर गेले. “बंद करा,” ती म्हणाली, “चांगलं हाय ते. न्या.” त्याला वाटलं, बाईमाणूस, आवाजाची सवय नाही. तिच्या उजव्या मनगटावर जुनी पिवळी पडलेली खूण होती आणि ती त्याला दिसली होती. दिसली आणि नजर तिथून पेडलवर आली, कारण पेडलचा रंग कुठं उडालाय का ते बघायचं होतं. निघताना तिनं ही डबी पुढं केली. “हे बी घेऊन जा. ह्याचे पैसे नकोत.” “अहो वहिनी, हे तर सगळ्यात भारी हाय,” तो म्हणाला. “दादा काय म्हणतील?” तिनं एकदम विचारलं, “तुमीच ना ते? खाली पानटपरीपाशी उभे राहून ऐकायचा?” तो लाजला. हो म्हणाला. “मला दिसायचं खिडकीतून,” ती म्हणाली. दारामागं एक बॅग भरून ठेवलेली होती आणि चपला बॅगेवर होत्या. ती बॅग त्यानं खाली रिक्षापर्यंत उचलून दिली. “एसटी स्टँड,” ती रिक्षावाल्याला म्हणाली. माहेरी मोडनिंबला निघाली असणार, त्यानं मनात म्हटलं, आणि आपल्या पिशवीतल्या डब्या एकमेकींवर घासू नयेत म्हणून पिशवी छातीशी धरून गाडीला किक मारली.

खाली पानटपरीपाशी. किती संध्याकाळी. दोन वर्षं तो युवराजदादाकडं शिकायला जायचा, आणि नंतर दादानं शिकवणं सोडलं तरी कामावरून येताना वाट वाकडी करून त्या इमारतीखाली थांबायचा. वर एकच चाल चालू असायची. अर्धा अर्धा तास, तीच, एका सुराचा फरक नाही. टपरीवाला वैतागायचा. “ह्यो काय पिसाळलाय काय, दुसरं काय येत न्हाय का ह्याला?” आणि बसवराज त्याला समजावून सांगायचा. ह्याला साधना म्हणतात, हात असा स्थिर व्हायला जन्म जातो. मग स्वतःच मान डोलवायचा. पायानं ठेका धरायचा. वर खिडकीत कधी कधी पडदा हलायचा, आणि त्याला वाटायचं वारा आहे. आता डबीसमोर गुडघ्यावर बसलेला बसवराज ती चाल ऐकत होता आणि त्याला समजत होतं की एवढा स्थिर हात माणसाचा असूच शकत नाही. त्या सगळ्या संध्याकाळी वाजवत होती ती डबी. दादाचे हात मोकळे होते. आपण मान डोलवली होती ती कशाला? कोणत्या मात्रेला? त्यानं तोंडावर हात दाबला.

दार ढकलून आई, चन्नम्मा, आत आली. ती भाकरी थापता थापता उठली होती, कोपरापर्यंत पीठ. “बंद कर ते,” ती म्हणाली. तिला बासमधलं काही कळत नव्हतं, अॅम्पला ती पेटी म्हणायची. पण ती दारातच थांबली होती आणि तिचा चेहरा त्यानं खूप वर्षांत न पाहिलेला झाला होता. “कुणाला मारायलेत?” तिनं विचारलं. “गाणं हाय आई.” “गाणं मला कळंना, पण हे कळतंय,” ती म्हणाली. “भिंतीतून असंच ऐकू येतंय. यारु अदु, कोण हाय ती?” भिंतीतून असंच ऐकू येतं, हे त्यालाही माहीत होतं. वडील, कल्लप्पा, यंत्रमागाच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर होते, आणि घर कारखान्याला लागूनच होतं. पलीकडं चोवीस माग खडखडत असताना या बाजूच्या खोलीत कडी लागायची. उंच आवाज मागांच्या खटखटीत हरवून जायचे. भिंतीतून यायचं ते फक्त जड, खालचं. सहा वर्षांचा बसवराज भिंतीला पाठ लावून बसायचा आणि ते पाठीच्या मणक्यातून आत यायचं. नंतर कडी निघायची, वडील बाहेर येऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे. हाताला घामाचा वास. एकदा त्या हाताला आईचा केस चिकटलेला होता, लांब, आणि तो त्याच्या गालावरून ओढला गेला होता. वडील गेले त्याला अकरा वर्षं झाली. बसवराजनं आजवर कुणावर हात उगारला नव्हता. शाळेत मार खाल्ला, कारखान्यात शिव्या खाल्ल्या, हात खिशात ठेवले. त्याचा त्याला अभिमान होता. आपण त्यांचे नाही, असं तो मनात म्हणायचा. त्यानं डबी थांबवली आणि अॅम्प बंद केला. आई तशीच उभी होती. “तिला सोडवलं का कुणी?” तिनं विचारलं. “गेली ती. माहेरी गेली,” तो म्हणाला. आई भाकरीकडं वळली. करपल्याचा वास घरभर झाला होता.

सोमवारी संध्याकाळी, तो कामावरून येऊन हातपाय धूत असतानाच, युवराजदादा आला. लातूरहून थेट. खांद्याला बास, अंगात कार्यक्रमाचा काळा चकचकीत शर्ट, दाढी कोरलेली. दारातूनच हसला. त्या हसण्यावर ऑर्केस्ट्रातली सगळी पोरं जीव टाकायची. “मावशी, पाणी द्या की,” असं आत बघून म्हणाला, आणि पलंगावर ऐसपैस बसला. “काय बसू, माझं सगळं दुकान उचलून आणलास म्हणं? टपरीवाल्याचा फोन आला होता.”

“वहिनींनी विकलं, दादा.”

“तिला राग आला की ती घर बी विकंल. तुझी काय चूक न्हाई त्यात. ऑक्टेव्ह ठेव पाहिजे तर, फझ ठेव. माझ्याकडनं भेट म्हण. लूपर तेवढं दे.”

“लूपरच का?”

“सवय हाय रे.” तो पाणी प्याला, तांब्या नीट खाली ठेवला. “उद्या मंगळवारी जातोय मोडनिंबला, आणतो तिला. दोन दिवस माहेरची हवा लागली की डोकं थंड होतंय तिचं. पाच वेळा झालंय हे. घरी आली की सगळं होतं तसं पाहिजे, न्हाईतर पुन्हा डोक्यात काहीबाही येतंय.”

होतं तसं. बसवराजनं ते शब्द मनात दोनदा फिरवले. तो खाली वाकला, अॅम्प चालू केला आणि खटका दाबला. चार सूर, घसरण, रिकामी मात्रा, पाचवा सूर. आणि मागून ती धप्प, ती फरफट, तो तुटलेला ‘आ’. त्याची अपेक्षा होती की दादाचा चेहरा उतरेल, निदान तो खिडकीकडं बघेल. युवराजनं मान किंचित तिरकी केली. कलाकार ऐकतो तसं ऐकलं. त्याचा पाय फरशीवर ठेका धरायला लागला. “दुसऱ्या सुराला जरा घाई झालीय बघ,” तो म्हणाला. “त्या दिवशी हात गरम होता.”

“मागं काय ऐकू येतंय, दादा?”

युवराजनं त्याच्याकडं पाहिलं. हसू गेलं नव्हतं, फक्त डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. “घरातलं हाय ते. तुझं लग्न झालं न्हाई अजून. बंद कर आणि दे हिकडं.” तो उठला आणि डबीकडं वाकला.

टेबलावर ऑक्टेव्ह पेडल होतं. ओतीव लोखंडाची पेटी, अर्ध्या विटेएवढी. ते हातात कधी आलं हे बसवराजला नंतरही आठवलं नाही; आठवलं ते वजन. त्यानं ते युवराजच्या जबड्यावर आडवं मारलं. लाकडावर नारळ फोडावा तसा आवाज झाला, आणि दादाच्या तोंडातून दातासकट रक्त चादरीवर पडलं. तो कोसळला नाही, वळला. आश्चर्य होतं त्याच्या तोंडावर, मारण्याची सवय असलेल्या आणि मार माहीत नसलेल्या माणसाचं आश्चर्य. बसवराजनं पुन्हा मारलं, कानाच्या वर. युवराज गुडघ्यावर आला. मग लाथ, बरगडीत. मग पुन्हा लाथ. चाल वाजतच होती. आणि त्या सगळ्या गदारोळात बसवराजला एक गोष्ट स्वच्छ जाणवली की आपल्या लाथा ठेक्यात पडताहेत. पहिल्या मात्रेला एक. घसरणीपाशी एक. रिकामी मात्रा तो सोडत होता, श्वास घ्यायला, आणि पाचव्या सुराला पुन्हा. अंगभर एक ऊब पसरली होती, तापातून उठल्यावर ऊन लागावं तशी. इतकं मोकळं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. युवराज एक हात पुढं करून काहीतरी म्हणत होता, रक्तातून शब्द येत नव्हते. डावा हात फरशीवर टेकला होता, बोटं पसरलेली. ती बोटं. बसवराजनं त्यांच्याकडं पाहिलं, टाच उचलली, आणि खटका दाबावा तशी दाबली. वाळक्या काटक्या पायाखाली याव्यात तसं काहीतरी टाचेखाली गेलं. युवराज पहिल्यांदा ओरडला. बसवराजनं टाच फिरवली.

“साकु! बसू, साकु! बिडो!” पुरे, सोड, असं कानडीत म्हणत कुणीतरी मागून शर्ट ओढत होतं. त्यानं न बघता कोपर मागं फेकलं. ते मऊ जागी लागलं. वळला तेव्हा त्याची मूठ वर होती, आणि समोर आई होती, भिंतीला लागलेली, डोकं खाली घालून. डावा हात चेहऱ्यावर आडवा, उजवा पोटावर. ती ओरडत नव्हती. कोपर कुठं ठेवायचं, हनुवटी कुठं लपवायची, ते तिच्या अंगाला बरोब्बर ठाऊक होतं. अकरा वर्षांत ते अंग काही विसरलं नव्हतं. ती वाट बघत होती.

खोलीत शांतता होती. ती केव्हापासून होती हे त्याला कळलं नाही. मूठ खाली आली. तेव्हा दिसलं की युवराज पडला तो डबीवर पडला होता, त्याची मांडी खटक्यावर होती. खटका दोन सेकंद दाबून धरला की डबी पोटातलं सगळं पुसून टाकते. दिवा विझला होता. बसवराजनं युवराजला बाजूला ढकललं आणि डबी दाबली. पुन्हा दाबली. अॅम्पमधून फक्त विजेची गुणगुण येत होती. त्या आठ सेकंदांत एका बाईचं सगळं होतं, आणि ते ऐकलेले लोक तीन, त्यातला एक करणारा. तो गुडघ्यावर बसून डबी दाबत राहिला. युवराज भिंतीला धरून उठला, डावा हात काखेत धरला, आणि दाराबाहेर गेला. बास तिथंच राहिली.

युवराजनं पोलिसांत काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का मारलं तेही सांगावं लागलं असतं. दवाखान्यात त्यानं शटर हातावर पडल्याचं सांगितलं, असं ऑर्केस्ट्रातल्या ऋतुराजचा फोन आला तेव्हा कळलं. “दोन बोटांचा चुरा झालाय रे,” ऋतुराज रडवेला झाला होता. “सोलापुरातला सगळ्यात गोड हात गेला. सीझन तोंडावर हाय. दादाच्या जागी तू येतोस का? तुझ्याशिवाय दुसरं कोण हाय?” ही जागा बसवराजला दहा वर्षं हवी होती. नवी पेठेतल्या कपड्याच्या दुकानात तसला काळा शर्टही त्यानं एकदा हात लावून बघितला होता. “जमणार न्हाई,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. आई दोन दिवस बोलली नाही. ताट वाढून ती त्याच्यापुढं सरकवायची, लांबूनच, बोटांच्या टोकांनी, आणि तो हात धुवायला उठला की बाजूला व्हायची, वाट द्यायची. त्या वाट देण्यानं त्याला मोठ्यानं रडावंसं वाटायचं. बुधवारी तो तिच्या पायाशी जाऊन बसला. तिच्या बरगडीवर हिरवं-निळं उमटलं होतं, लुगड्याच्या काठावरून दिसत होतं. “चुकलं माझं,” तो म्हणाला आणि खरंच रडायला लागला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तांदूळ निवडत होती ते निवडत राहिली. “तुझ्या बापालाबी नंतर असंच रडू यायचं,” ती म्हणाली.

रविवारी तो मोडनिंबला गेला. वैजयंतीच्या भावाचं घर हायवेपासून आत, बोरीच्या बागेला लागून होतं. अंगणात बोरांचा ढीग ओतलेला आणि तिघीजणी निवडत बसलेल्या. तिची आई मथुराबाई, भावजय, आणि ती. त्याला बघून वैजयंती उठली नाही. “बसा,” म्हणाली. भावजयीनं पोतं अंथरलं. इथं तिचं बोलणं बदललं होतं, सैल झालं होतं, शहरात घट्ट बांधलेलं सोडल्यासारखं. त्यानं डबी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं : काय ऐकलं, कसं मारलं, बोटं, आईला लागलेलं कोपर, आणि पुसलं गेलं ते. “तो पुरावा होता, वहिनी. तुमच्याकडं आणून द्यायचा होता. माझ्या हातानं गेला.”

तिनं एक किडकं बोर बाजूला फेकलं. “त्याला मारलं ते ऐकून मला बरं वाटंल, असं वाटलं व्हय तुमाला?”

त्याला खोटं बोलता आलं नाही. “हो.”

“वाटलं. खोटं कशाला बोलू. दोन मिन्टं लई बरं वाटलं.” ती थांबली. “मग वाटलं, ह्यो बी तसलाच. आता ह्येच्या आईला कोण इच्यारणार?”

मथुराबाई मान खाली घालून बोरं निवडत होती. हायवेवरून एक कंटेनर गेला आणि जमीन हलली. बसवराजनं डबीकडं बघत म्हटलं, “पण आता सिद्ध कसं होणार?”

“काय सिद्ध?” वैजयंतीनं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. “त्या डबीत आठ सेकंद हुते म्हन्ता. माज्यात सात वर्सं हायती. मी हाय की. उद्या पोलीस ठाण्यात जायाचं ठरलंय आमचं. कुटं, कंच्या दिवशी, कशानं, समदं सांगणार हाय मी. लिवून घेणारा दमंल.” मग जरा थांबून, “तुमी याल का? खाली उभं राहून ऐकत हुता, येवढंच सांगा. आणि तुमी त्याला काय केलं त्ये बी सांगा. लपवायचं न्हाय काय.”

“येतो,” तो लगेच म्हणाला.

“व्हय म्हणायची लई घाई. आदी ऐका तरी, कशाला व्हय म्हन्ताय त्ये.” तिनं पदरानं हात पुसले. भावजय उठून आत जायला लागली तेव्हा तिलाही तिनं खूण करून बसवलं. मग ती सांगायला लागली. लग्नाला तिसरा महिना होता, संकष्टी होती, चंद्र उगवायची ती वाट बघत होती. आवाज चढला नाही, रडली नाही. कुठला दरवाजा, कुठली कडी, युवराजनं आधी घड्याळ काढून कसं कपाटावर ठेवलं, ते सांगत गेली. मधे कुठलाही सूर नव्हता, ठेका नव्हता. बोरं टोपलीत पडत होती ती जशी पडतील तशी. बसवराज ऐकत होता. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीपाशी ती आली तेव्हा त्याच्या मुठी वळल्या, मानेतली शीर उडायला लागली, आणि तो काही न ठरवता उठून उभा राहिला. कुठं जायचं होतं, कुणाकडं, त्यालाही कळलं नसतं.

“खाली बसा,” वैजयंती म्हणाली. “अजून संपलं न्हाय.”

तो खाली बसला. तिनं ओंजळभर बोरं पुढं ओढली आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायला सुरुवात केली.